दाता, शाळा आणि शेजारची शाळा

मित्रहो, ‘महानगरपालिकेच्या शाळा आणि भागीदारी’ असा आजचा विषय आहे. नाशिककर श्रोत्यांना या शाळांची अवस्था नव्याने सांगण्याची गरज नाही. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांमध्ये भाड्याची खोली सुटली की मुलाची शाळाही सुटते, हे आपण जाणता. त्यामुळे मी थेट भागीदारीकडे वळतो.

आपल्याकडे भागीदारी म्हणजे देणगी, असे समीकरण रूढ झाले आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि मार्चअखेर जवळ आली की शाळांना अचानक पुष्कळ मित्र मिळतात. (सभागृहात कंपन्यांचा हा सामाजिक खर्च, म्हणजे सीएसआर, सांभाळणारे कोणी असतील, तर त्यांनीही हसायला हरकत नाही.) अशाच एका संगणक-कक्षाच्या उद्घाटनाला मी पाहुणा होतो. मुले उन्हात बसली होती. शाल, श्रीफळ, फीत आणि चार भाषणे यथासांग झाली, त्यांपैकी सर्वांत लांबलेले माझे होते. पुढे केव्हातरी त्याच शाळेत गेलो, तेव्हा कक्षाला कुलूप होते आणि संगणकांच्या पडद्यांवरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, शाळेच्या सामानाच्या जडसंग्रह नोंदवहीत हे संगणक माझ्या सहीने चढले आहेत. खोलीला अर्थिंग नाही, खिडकीला गज नाहीत. चोरी झाली तर भरपाई कोण देणार?” मी दात्यांच्या अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांनी आस्थेने विचारले, “पण आमचा फलक आहे ना जागेवर?”

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा आता धावतच मांडतो. शाळेचा खरा भागीदार दुसरी शाळा असते. लंडनमधील शाळा सुधारण्यासाठी 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘लंडन चॅलेंज’ या उपक्रमाचे नेतृत्व बर्मिंगहॅमचे माजी शिक्षणप्रमुख टिम ब्रिगहाउस यांच्याकडे होते. सारख्या परिस्थितीतील मुले असणाऱ्या शाळांचे तिथे गट केले गेले, त्यामुळे ‘आमची मुलेच तशी’ ही सबब टिकेना. मागे पडलेल्या शाळेला अनुभवी सल्लागार मिळाला, आणि तिचे शिक्षक चांगल्या शाळेतील वर्ग प्रत्यक्ष पाहू लागले. 2008 मध्ये हा प्रयोग इंग्लंडमधीलच ग्रेटर मँचेस्टर आणि ब्लॅक कंट्री भागातही नेण्यात आला. लंडनच्या सुधारणेचे किती श्रेय या उपक्रमाचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि तिथे पैसाही ओतला गेला होता, हे मान्य करूनच मी त्याचा दाखला देतो.

आपल्याकडे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आहेत, त्या शाळांतील शिक्षकांच्या शिक्षण परिषदा आहेत; पण केंद्रप्रमुखांचा दिवस तातडीची माहिती वर पाठवण्यात जातो आणि परिषदेत परिपत्रके वाचली जातात. त्याऐवजी एका शाळेतील तिसरीच्या शिक्षिकेला शेजारच्या शाळेतील तिसरीचा वाचनतास आठवडाभर पाहू द्यावा, आणि त्या काळात तिचा वर्ग सांभाळणाऱ्या बदली शिक्षिकेचे मानधन दात्याने द्यावे.

दुसरे असे की, शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत. पण सभा असते सकाळी अकराला. पहिल्या पाळीवर गेलेला बाप आणि धुण्याभांड्याला गेलेली आई त्या वेळी येणार कुठून? मग इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. सभा संध्याकाळी सातला घ्यावी, आणि शाळा उघडी ठेवणाऱ्या शिपायाला जादा वेळेचे पैसे मिळावेत. दात्यांकडे माझी दुसरी मागणी ही आहे.