आकड्यांनी लिहिलेली मालकी

एका कार्यालयातल्या नॅसची, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांच्या फायली सांभाळणाऱ्या मशीनची, बूट डिस्क (जिच्यावरून यंत्रणा सुरू होते ती) गेली, तिथून सुरुवात करतो. डेटाच्या डिस्क धडधाकट होत्या. नवीन बूट डिस्कवर ट्रूनॅस ही नॅस चालवणारी प्रणाली टाकली, झेडएफएसचा पूल (डेटाच्या डिस्कवरचा साठा) इम्पोर्ट केला, सगळ्या फायली जागच्या जागी दिसल्या. सेटिंगची फाइल मात्र कोणीच काढून ठेवली नव्हती. म्हणून शेअर (नेटवर्कवर उघडी केलेली फोल्डर) आणि युजर मी हातानं पुन्हा तयार केले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेखा विभागाला स्वतःचं फोल्डर उघडेना आणि भांडार विभागाला लेखा विभागाचं उघडू लागलं.

हे कसं झालं ते नीट बघा. डिस्कवर फाइलीच्या मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, आकडा लिहिलेला असतो. जुन्या यंत्रणेत लेखा 1001 होता, भांडार 1002. मी भांडारचं खातं आधी उघडलं, त्याला 1001 मिळाला. डिस्कच्या लेखी मालक बदललाच नव्हता. कोणत्या आकड्याला काय नाव, हे मी बदलून बसलो होतो. ती जोडी सेटिंगमध्ये असते. म्हणूनच सेटिंगची फाइल रिस्टोअर करणं आणि सगळं हातानं पुन्हा भरणं, या दोन गोष्टी मला एकसारख्या वाटत नाहीत.

वाईट याचं वाटतं, की ट्रूनॅस आपल्या सेटिंगची रोज एक नक्कल सिस्टिम डेटासेटमध्ये, म्हणजे यंत्रणेसाठी राखलेल्या कप्प्यात, ठेवतं आणि तो डेटासेट सहसा डेटाच्या पूलवरच असतो. मी तिथं डोकावून पाहायला हवं होतं.

ट्रूनॅसचं सगळं कॉन्फिगरेशन, म्हणजे सगळी सेटिंग, एका फाइलीतला एसक्यूलाइट डेटाबेस असतो. तो उतरवून घेताना पासवर्ड सीक्रेट सीडही (साठवलेले पासवर्ड आणि किल्ल्या उलगडणारी गुप्त किल्ली) सोबत घ्यायचं का, अशी एक चौकट येते. घाईत ती तशीच राहते. मग हाती येते नुसती डीबी फाइल. चौकटीवर खूण केली असेल तर डीबी आणि सीड दोन्ही असलेली टार फाइल येते. त्याच बूट डिस्कवर रिस्टोअर करायचं तर नुसत्या डीबीवर भागतं, कारण सीड तिथं आहेच. कोऱ्या इन्स्टॉलेशनवर मात्र युजर येतात, शेअर येतात, पण क्लाउड खात्यांचे पासवर्ड आणि एनक्रिप्टेड डेटासेटच्या किल्ल्या कुलूपबंदच राहतात. किल्ल्या वेगळ्या एक्सपोर्ट केलेल्या नसतील, तर तो डेटा गेला म्हणून समजा. तेव्हा कृपा करून त्या चौकटीवर खूण करा, आणि ती टार फाइल पासवर्डांइतकीच जपा. नॅसवरच्याच फोल्डरमध्ये ठेवू नका. ज्या दिवशी ती लागेल, त्या दिवशी ते फोल्डर उघडणार नाही.

सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये हे काम कंट्रोल पॅनेलमधून होतं, डीएसएस नावाची फाइल मिळते. युजर, ग्रुप, शेअर, परवानग्या त्यात येतात. फोल्डरमधल्या फायली येत नाहीत, आणि वरून टाकलेल्या पॅकेजचा डेटाही येत नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते.

प्रत्यक्ष रिस्टोअर करताना आधी आवृत्ती जुळवा. जुन्या आवृत्तीची फाइल नवीनवर सहसा चालते, नवीन आवृत्तीची जुन्यावर चढवायला जाऊ नका. म्हणून फाइलीच्या नावातच तारीख आणि आवृत्ती ठेवायची. ट्रूनॅस फाइल घेतलं की रीबूट होतं, आणि मशीन बदललं असेल तर इथंच लोक घाबरतात, कारण ब्राउझरमधलं ट्रूनॅसचं पान उघडत नाही. आयपी पत्ता जुन्या नेटवर्क कार्डाच्या नावाला बांधलेला असतो आणि नवीन कार्डाचं नाव वेगळं असतं. मॉनिटर-कीबोर्ड जोडा, कन्सोलवरून पत्ता द्या, पान येईल.

मग तपासणी. अ‍ॅडमिन म्हणून करू नका, अ‍ॅडमिनला बहुतेक सगळंच दिसतं. एका साध्या युजरच्या खात्यानं आत जा, त्याच्या फोल्डरमध्ये एक फाइल तयार करा, पुसा. आणि मग जे फोल्डर त्याचं नाही, ते उघडायचा प्रयत्न करा.