न दिसणारं रसायन

(दृश्य: चंचुपात्रातल्या पाण्यात मीठ पडतं, ढवळलं जातं.)

मीठ विरघळलं. आता विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना सांगा, या पाण्यात काय आहे त्याचं चित्र काढा. अनेक जण सोडियम आणि क्लोरीनचे गोळे जोडीजोडीने चिकटलेले काढतात. समीकरणात मात्र त्याच हातांनी दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटे, अचूक लिहिलेले असतात.

रसायनशास्त्र अवघड जातं ते इथे. ग्लासगो विद्यापीठातले ॲलेक्स जॉनस्टोन यांनी १९८०च्या दशकात हे नेमकं मांडलं. हा विषय एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतो: दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणू-रेणू आणि कागदावरची चिन्हं. शिकवणारे या तिन्हींत सहज ये-जा करतात. नवख्या विद्यार्थ्याला आपण पातळी कधी बदलली तेच कळत नाही.

(दृश्य: मिठाच्या स्फटिकाचं ॲनिमेशन.)

मधली पातळी दाखवायला पडदा हवाच. बघा, पाण्याचे रेणू स्फटिकाच्या कडेला भिडतायत. सोडियमकडे ऑक्सिजनची बाजू, क्लोराइडकडे हायड्रोजनची. एकेक आयन सुटतो आणि पाण्याने वेढला जातो. काही आयन परत स्फटिकावर जाऊन बसतात. संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी मीठ मावेनासं झालं की, सुटणं आणि बसणं सारख्याच वेगाने चालू राहतं. समतोल आला म्हणजे सगळं थांबलं, हा समज इथे डोळ्यांदेखत गळून पडतो. समतोल दाखवणारे फळ्यावरचे दुहेरी बाण तेवढं करू शकत नाहीत.

भौतिकशास्त्राचे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि संहती (द्रावणात पदार्थ किती दाट आहे ते) किंवा तापमान विद्यार्थी स्वतः बदलून पाहतो.

(दृश्य: ब्युरेट म्हणजे तोटीची मोजनळी, आम्लता मोजणारा पीएच संवेदक, पडद्यावर चढत जाणारा आलेख.)

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा साधा संवेदक. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, २५ मिलिलीटर. वरून तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने पडतंय. बराच वेळ आलेख जवळपास आडवा. २४.९५ मिलिलीटरला पीएच ४. २५.०५ला थेट १०! पीएचची एक पायरी म्हणजे दहा पट, म्हणजे जेमतेम दोन थेंबांत हायड्रोजन आयनांची संहती दहा लाख पटींनी घटली. फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं दर्शक गुलाबी झालं एवढंच एरवी दिसतं. ते एका थेंबात का होतं, हे आलेख सांगतो. ब्युरेटची तोटी मात्र हातातच हवी. थेंब रोखणं माउसने शिकता येत नाही.

पडदा दिशाभूलही करतो. चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून द्रवातले रेणू दूर दूर दाखवले जातात. प्रत्यक्षात ते खेटून असतात. ऑक्सिजनचा लाल रंग हा निव्वळ संकेत. हे वर्गात बोलून दाखवायला हवं.

म्हणून ॲनिमेशन लगेच लावू नये. आधी प्रत्येकाने कागदावर आपलं चित्र काढावं, शेजाऱ्याला समजावून सांगावं. मग पडदा. मग स्वतःच्या चित्रात खाडाखोड. याला वर्गातला वेळ लागतो, आणि तो काढता येतो: समीकरणं तोलण्याचा, मोलच्या गणितांचा सराव घरी मोबाइलवरच्या प्रश्नसंचातून होतो, चूक तिथल्या तिथे कळते. प्राध्यापकांनी त्या उत्तरांवर तासाआधी एक नजर टाकली, तर आज कुठे थांबायचं तेही ठरतं.