कोच, पण प्राध्यापकाच्या खुर्चीवरचा: अमॉस अलोन्झो स्टॅग

नमस्कार मंडळी! पहिल्या अणुभट्टीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा आहे. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत विद्यापीठाच्या ज्या स्टॅग फील्ड मैदानाच्या स्टँडखाली ती अणुभट्टी सुरू झाली, तो स्टॅग कोण? शास्त्रज्ञ होता का? नाही हो, अमेरिकन फुटबॉलचा कोच होता, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा तो खेळ.

सुरुवातीचं भराभर सांगतो. जन्म १८६२, वेस्ट ऑरेंज, न्यू जर्सी. येल विद्यापीठात शिकले, बेसबॉलचे पिचर (चेंडू टाकणारे) म्हणून गाजले, १८८९ च्या पहिल्यावहिल्या ऑल-अमेरिका फुटबॉल संघात, म्हणजे देशातल्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या यादीत आले. व्हायचं होतं धर्मोपदेशक, पण व्यासपीठावर बोलणं काही जमेना. मग स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत गेले. तिथेच त्यांच्या सोबतच्या जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. मार्च १८९२ मध्ये लोकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५-१ ने जिंकले आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा!

आता मुद्द्याचं. नवीन शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे शिक्षक. तिथले खेळ सांभाळायला त्यांनी स्टॅग यांना १,५०० डॉलर पगार देऊ केला. स्टॅग गप्प. मग २,००० आणि सहायक प्राध्यापकपद. तरी गप्प. शेवटी २,५०० डॉलर, सहयोगी प्राध्यापकपद आणि नेमणूक कायमची. स्टॅग घासाघीस करत नव्हते बरं का, कल्पनाच इतकी नवी होती की त्यांना काय बोलावं ते सुचेना.

हे 'प्राध्यापकपद' नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. तेव्हा कोच म्हणजे एका हंगामापुरता बोलावलेला माणूस. स्टॅग मात्र शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख, इतर विभागप्रमुखांच्या रांगेत बसणारे. आता दुसऱ्या बाजूने बघा. १९०५ मध्ये त्यांच्या संघाने मिशिगन विद्यापीठाच्या संघाला २-० ने हरवलं. ५६ सामने अपराजित राहिलेला मिशिगन! पण स्टॅग हरले असते तरी त्यांची नोकरी जाणार नव्हती. आणि तिसरी बाजू म्हणजे हेच पद १९३२ मध्ये त्यांच्यावर उलटलं. प्राध्यापकाला वयाच्या सत्तरीत निवृत्तीचा नियम होता, आणि स्टॅग सत्तर वर्षांचे झाले होते.

"संघ हरायला लागला म्हणून म्हाताऱ्याला हाकललं" असं लिहिणाऱ्यांनो, ऐकताय ना? शेवटचे हंगाम वाईट गेले, खरंय. पण चाळीस वर्षं ज्या पदाने त्यांना सांभाळलं, त्याच पदाच्या नियमाने त्यांना बाहेर काढलं. विद्यापीठाने दुसरं काम देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. त्यांना मैदानावरच राहायचं होतं.

हे मी इतकं लावून धरतोय, कारण आमच्या शाळेत पीटीचा तास हमखास गणिताला जायचा. सर शिट्टी गळ्यात घालून वऱ्हांड्यात उभे राहायचे आणि आम्ही वर्गात लसावि काढायचो. खेळ शिकवणाऱ्याला शिक्षकांच्या खोलीत खुर्ची मिळाली की काय होतं, ते हार्पर यांनी १८९२ मध्ये करून दाखवलं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

आणि "निवृत्तीनंतर काय उरलं सांगायला" विचारणाऱ्यांसाठी: १९३३ ला स्टॅग कॅलिफोर्नियात, स्टॉकटनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये कोच झाले. १९४३ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, देशातले वर्षाचे सर्वोत्तम कोच ठरले! तिथेही १९४६ ला मैदान सोडून सल्लागार व्हा म्हणाले, तर हे पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने सस्क्वेहाना विद्यापीठाचा संघ घडवायला गेले. नव्वदी उलटल्यावर पुन्हा स्टॉकटनला येऊन पोरांना किक मारायला शिकवत होते. १९६५ मध्ये गेले, वय १०२. कोच म्हणून त्यांच्या ३१४ विजयांचा विक्रम मोडायला अलाबामा विद्यापीठाचे फुटबॉल कोच बेअर ब्रायंट यांना १९८१ साल उजाडावं लागलं.