व्हॅलेंटिनाला खाली आणायचंय

[दृश्य: इंदूर, रामबाग. रात्रीचे साडेदहा. माडीवरच्या खोलीत संगणकाचा उजेड. टेबलावर चौकटीची वही, कंपासपेटी, अर्धी खाल्लेली शेवेची वाटी.]

व्हॅलेंटिना वर अडकली त्याला आज सहा दिवस झाले.

मुनच्या जमिनीपासून 30 किलोमीटर उंचीवर ती फिरते आहे, 45 मिनिटांत एक फेरी. यान धडधाकट आहे, तिचा चेहरा हसरा आहे. टाकी तेवढी रिकामी आहे. घरी परतायला आपला वेग सेकंदाला 300 मीटरच्या आसपास बदलावा लागतो, आणि तिच्याकडे उरलंय 60 मीटरपुरतं इंधन.

तिला वर पाठवणारा माझा भाचा. नववीत आहे. खेळाचं नाव कर्बल स्पेस प्रोग्रॅम. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने तो केला. 2011 साली लोकांच्या हाती पहिल्यांदा आला, 2015 मध्ये पूर्ण झाला. त्यात कर्बिन नावाचा ग्रह आहे, मुन हा त्याचा चंद्र. कर्बिनवर हिरव्या रंगाची, मोठ्या डोक्यांची छोटी माणसं राहतात, आणि त्यांना अवकाशात जायचं असतं. कर्बिनची त्रिज्या 600 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या एक दशांशाहून थोडी कमीच. जमिनीवरचं गुरुत्वाकर्षण मात्र आपल्याइतकंच ठेवलंय. एका वेळी एकाच गोलाची ओढ धरायची एवढी सूट खेळाने घेतली आहे. बाकी सगळा कारभार न्यूटनचा.

या वेडाची सुरुवात मला ठाऊक आहे. 23 ऑगस्ट 2023, संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटं. खालच्या खोलीत सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं, आजीने देवापाशी दिवा लावला होता, आणि विक्रम लँडर चंद्रावर टेकला. सगळे नाचत होते. हा एकटा विचारत होता, "मामा, अपोलोवाले चार दिवसांत पोचले, मग आपल्याला चाळीस दिवस का लागले?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. त्याने ते खेळून शोधलं. आपलं रॉकेट त्या मानाने लहान. रॉकेटने चांद्रयानाला लांबट कक्षेत सोडलं, एका टोकाला पृथ्वीपासून 170 किलोमीटर आणि दुसऱ्या टोकाला साडेछत्तीस हजार. मग यान दर वेळी पृथ्वीच्या अगदी जवळ आलं, वेग सगळ्यात जास्त असला, की थोडंसं इंजिन चालवायचं. असं पाच वेळा केलं, आणि मग 1 ऑगस्टला चंद्राची वाट धरली. वेगात असताना जाळलेलं इंधन जास्त फळ देतं, हे त्याने छोटं इंजिन लावून स्वतः करून पाहिलं. त्या रात्री मला झोपेतून उठवून पडदा दाखवला होता.

[दृश्य: वहीचं पान. पेन्सिलीने लिहिलेले आकडे, काही खोडलेले.]

ही वही म्हणजे खरा खेळ. पडद्यावर जे उडतं ते नंतरचं.

रॉकेटचा हिशेब लिटरमध्ये होत नाही, वेगात होतो. यान आपल्या इंधनावर एकूण किती वेग बदलू शकतं, त्याला डेल्टा-व्ही म्हणतात. मी भाच्याला शिदोरी म्हणायला शिकवलं, आणि आता वहीतही तोच शब्द आहे. कर्बिनवरून कक्षेत जायला 3400 मीटर प्रति सेकंद. पृथ्वीवरून तेच काम सुमारे 9400 मागतं. कक्षेतून मुनकडे निघायला 860. तिथे पोचून त्याच्याभोवती स्थिरावायला 310. उतरायला 580, पुन्हा चढायला तेवढेच, आणि परतीच्या वाटेला लागायला 300. व्हॅलेंटिनाची गाडी फसली ती उतरताना. खड्ड्याच्या कडेवर सपाट जागा शोधत ती घिरट्या घालत राहिली, आणि तिथे जळलेलं इंधन परतीचं होतं.

जुनी सेव्ह उघडली असती तर पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं असतं. बरेच जण तसंच करतात, त्यात गैर काही नाही. शिवाय या खेळात अन्नपाण्याचा हिशेब नसतो. व्हॅलेंटिना शंभर वर्षंही तिथे तशीच हसत बसली असती. भाचा म्हणाला, "मी पाठवलीय ना तिला? मग आणायलाही मीच जायला पाहिजे." आणि जुनी सेव्ह त्याने पुसून टाकली. मला त्याचं हे फार आवडलं.

आजीला एवढंच कळलंय की कोणी एक मुलगी वर अडकली आहे. रोज संध्याकाळी ती जिन्यातून हाक मारते, "आली का रे ती पोर?"

पहिली सुटका मोहीम रविवारी निघाली. भाच्याने जेबेडाया नावाच्या वैमानिकाला पाठवलं. उड्डाण सुरेख झालं, यान मुनच्या वाटेवर लागलं, मधले साडेसात तास त्याने वेळ पळवून सेकंदांत काढले. मुन पडद्यावर मोठा व्हायला लागला तसा तो वहीत पुढचं लिहायला बसला: जवळ जाणे, वेग जुळवणे, व्हॅलेंटिना बाहेर येणार, आणि मग... पेन्सिल थांबली. कुपीत, म्हणजे वैमानिक बसतो त्या डब्यात, आसन एकच होतं, आणि त्यावर जेबेडाया बसला होता.

त्या दिवशी तो जेवला नाही. जेबेडाया मुनला वळसा घालून रिकाम्या हाताने सुखरूप परत आला.

माणसाशिवाय यान का नाही पाठवलं, हे मी विचारलं होतं. त्याने मुनचं चित्र काढून दाखवलं. मुनजवळ पोचल्यावर वेग कमी करण्यासाठी इंजिन चालवायचं असतं, आणि ती जागा बहुतेक वेळा मुनच्या मागच्या बाजूला येते. तिथे कर्बिनवरचा रेडिओ संदेश पोचत नाही. नेमक्या त्या क्षणी यानाला सांगणारं कुणी नसतं. म्हणून आत वैमानिक हवा, आणि शेजारी रिकामं आसन हवं.

रिकामं आसन म्हणजे तीन जणांची मोठी कुपी. वजन आधीच्या कुपीच्या तिपटीहून थोडं जास्त. इथून गणित अंगावर येतं. रशियातल्या कलुगा गावातले एक शाळामास्तर, कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की, यांनी 1903 साली ते छापून ठेवलं आहे. खेळातलं टेरिअर नावाचं छोटं इंजिन घ्या. रिकामं यान 1 टनाचं असेल, तर सेकंदाला 3384 मीटर वेग मिळवायला सुमारे 1.7 टन इंधन लागतं. वेग दुप्पट हवा असेल तर इंधन लागतं सुमारे 6.4 टन. कारण शिदोरी वाहायलाही शिदोरी लागते. वर एक आसन वाढलं, तर खालचा प्रत्येक टप्पा फुगतो. भाच्याने तीन संध्याकाळी नुसती वजनं कापण्यात घालवल्या. उतरण्याचे पाय काढले, कारण उतरायचंच नव्हतं. शिडी काढली. दिवे काढले, मग दोन परत लावले, कारण मुनच्या सावलीत काळोख असतो.

[दृश्य: उज्जैन. वेधशाळेचं आवार, सकाळचं ऊन. सम्राट यंत्राची सावली दगडी कमानीवर सरकते आहे.]

मधल्या एका सुट्टीच्या सकाळी पोहे-जलेबी खाऊन आम्ही उज्जैनला गेलो. इंदूरहून जेमतेम पंचावन्न किलोमीटर. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात क्षिप्रेकाठी ही वेधशाळा बांधली, आणि ती मोडकळीला आल्यावर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये तिचा जीर्णोद्धार करवला. इथे कोन दगडात बांधलेले आहेत. सम्राट यंत्राची, म्हणजे इथल्या दगडी सूर्यघड्याळाची, तिरकी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, 23 अंशांहून किंचित जास्त कललेली आहे, म्हणजे ती पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. भाचा त्या भिंतीच्या पायथ्याशी बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, इथून रॉकेट सरळ पूर्वेला सोडलं तर त्याची कक्षाही एवढीच कललेली राहील.

बरोबर आहे. जिथून उडायचं तिथल्या अक्षांशाहून कमी कललेली कक्षा थेट मिळत नाही. श्रीहरिकोटा 13.7 अंशांवर आहे, पूर्वेला समुद्र आहे, आणि पृथ्वीच्या फिरण्याचा वेगही तिथे जास्त मिळतो. कर्बिनचं उड्डाणकेंद्र तर जवळजवळ विषुववृत्तावरच आहे.

परतीच्या बसमध्ये तो कोनांबद्दलच बोलत होता. मुनकडे निघायचा कोनही त्याने कंपासपेटीतल्या कोनमापकाने पडद्यावर मोजलाय, काचेला चिकटवून: मुन आपल्या 111 अंश पुढे असताना निघायचं. म्हणजे तो जिथे आहे तिथे जायचं नाही, आपण पोचू तेव्हा तो जिथे असेल तिथे जायचं. कक्षेतून पाहिलं तर साधारण मुन क्षितिजावर उगवायची हीच वेळ असते.

[दृश्य: पडदा. दोन कक्षा, एक निळी, एक पिवळी. निळी आतली.]

दुसरी मोहीम शुक्रवारी रात्री निघाली. पुन्हा जेबेडाया, या वेळी शेजारी दोन रिकामी आसनं.

मुनपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही, सगळं वहीप्रमाणे झालं. मुनभोवती 15 किलोमीटर उंचीवर यान स्थिरावलं. व्हॅलेंटिना 30 किलोमीटरवर, आणि त्याच्या 140 अंश पुढे.

पुढे असलेल्याला गाठायचं तर काय कराल? रस्त्यावर आपण ॲक्सिलरेटर पिळतो. कक्षेत तसं केलं की उलट होतं. पुढच्या दिशेने जोर लावला की यान वर चढतं, वरची कक्षा मोठी आणि तिथला वेग कमी, म्हणून आपण आणखी मागे पडतो. 3 जून 1965 ला जेमिनी 4 मध्ये जेम्स मॅकडिव्हिट यांना हाच अनुभव आला. आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचं होतं. ते त्याच्या दिशेने यान ढकलत राहिले, तो दूर जात राहिला, आणि इंधन संपत चाललं म्हणून प्रयत्न सोडावा लागला. त्याच वर्षी 15 डिसेंबरला जेमिनी 6 आणि 7 ही याने फुटभर अंतरापर्यंत जवळ आली, कारण या वेळी गणित आधी केलेलं होतं.

म्हणून भाचा खालीच थांबला. 15 किलोमीटरवरची फेरी 41 मिनिटांची, 30 वरची 45 मिनिटांची. काहीही न जाळता प्रत्येक फेरीत अंतर सुमारे 35 अंशांनी कमी होतं. पावणेचार फेऱ्या वाट पाहायची, 9 अंश उरले की वर चढायचं. आणि त्या चढण्याला, वर वेग जुळवण्यासकट, सेकंदाला 20 मीटरसुद्धा लागत नाहीत. मी हा आकडा दोनदा तपासून घेतला, विश्वास बसेना.

एक गोष्ट मात्र महाग पडली. व्हॅलेंटिनाची कक्षा 4 अंशांनी कललेली होती. दोन कक्षा जिथे एकमेकींना छेदतात तिथे थांबून यानाचं तोंड बाजूला वळवायचं आणि जोर लावायचा. चार अंशांना 38 मीटर, म्हणजे चढण्याच्या दुप्पट. वहीत यासाठी रकाना नव्हता. त्याने राखीव शिदोरीतून काढले, आणि समासात लाल पेनाने लिहिलं.

इस्रोची स्पेडेक्स मोहीम आठवते? 30 डिसेंबर 2024 ला दोन छोटी याने वर गेली. जोडणी दोनदा पुढे ढकलली गेली. 12 जानेवारीला ती 3 मीटरपर्यंत जवळ आली आणि पुन्हा मागे घेतली गेली. 16 जानेवारीला जोडली. तेव्हा आमच्या गल्लीतले काही जण म्हणत होते, एवढ्या जवळ जाऊन परत का फिरले? त्या शुक्रवारी भाच्याच्या मागे उभं राहून मला ते कळलं. अंतर 1400 मीटर. एकमेकांच्या सापेक्ष वेग 9 मीटर. त्याने इंजिन उलटं चालवून तो वेग शून्यावर आणला. मग सेकंदाला 5 मीटरने जवळ. पुन्हा शून्य. मग 2. पुन्हा शून्य. अंतर 40 मीटर. घाम त्याला आला होता, आणि मलाही.

व्हॅलेंटिनाने दार उघडलं.

ती यानापासून सुटली, पाठीवरच्या छोट्या जेटने हळूहळू सरकत आली. खाली मुनची करडी जमीन, वर कर्बिनचा निळा गोळा. एकदा ती कुपीला धडकून उलटी झाली, भाचा खुर्चीतून उठून उभा राहिला. मग तिचा हात दांड्यावर पडला, आणि खाली कोपऱ्यात दोन चेहरे शेजारी शेजारी दिसू लागले.

परतीला त्याने कर्बिनच्या वातावरणात 33 किलोमीटरपर्यंत शिरायचं ठरवलं होतं. फार खोल गेलं तर यान तापतं, फार वरून गेलं तर पुन्हा बाहेर निसटतं. सेकंदाला 3 किलोमीटरहून जास्त वेगाने कुपी आत आली, उष्णतारोधक ढाल पुढे करून, सगळा पडदा केशरी. दोन मिनिटं आम्ही बोललो नाही. मग केशरी ओसरलं, निळं आलं, आणि तीन छत्र्या एकामागोमाग उघडल्या.

कुपी समुद्रात पडली. भाच्याने वहीतली "व्हॅलेंटिना, मुन, 30 किमी" ही ओळ पट्टी लावून खोडली.

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आम्ही आवाज न करता जिना उतरत होतो. खालच्या खोलीत दिवा लागला.

"आली?"

"आली, आजी."

"आणि तो आणायला गेलेला?"

"तोही आला."

"मग झोपा आता," आजी म्हणाली, आणि दिवा मालवला.