पाणिनीनं न लिहिलेले नियम

(दृश्य : सेनापती बापट रस्ता, बालभारतीची इमारत)

नववीच्या गणितात 'संच' नावाचा धडा असतो. घटक नेमकेपणानं सांगता आले की संच झाला, एवढं शिकून मुलं वेन आकृत्यांची वर्तुळं काढतात, मार्क मिळवतात आणि पुढे सरकतात. धडा सोपा आहे. पण याच सोप्या समजुतीनं १९०२ साली एका जर्मन प्राध्यापकाच्या कित्येक वर्षांच्या कामावर पाणी फिरवलं.

(दृश्य : भांडारकर प्राच्यविद्या संस्था, कपाटं, सूचीचे जाडजूड खंड)

काय घोटाळा झाला, ते इथं नीट कळेल. या संस्थेत हजारो हस्तलिखितं आहेत आणि त्यांच्या छापील सूची आहेत. सूची हेही पुस्तकच, तेव्हा एखाद्या सूचीत तिची स्वतःची नोंद असू शकते, नसूही शकते. आता समजा, कुणी काम सोपवलं : ज्या सूचींत स्वतःची नोंद नाही, अशा सगळ्या सूचींची एक सूची करा. नेमक्या तेवढ्याच घ्या, एक कमी नको, एक जास्त नको. काम संपत येतं आणि शेवटचा प्रश्न उरतो. या नव्या सूचीची नोंद तिच्यातच करायची का? केली, तर तिच्यात स्वतःची नोंद आली, म्हणजे ती इथं बसत नाही. खोडा. खोडली, तर आता तिच्यात स्वतःची नोंद नाही. मग घाला!

ग्रंथपाल हात झटकून मोकळे होतील. अशी सूची करताच येत नाही, विषय संपला. सुरुवातीला म्हटलेले जर्मन प्राध्यापक गोटलोब फ्रेगे यांना ती सोय नव्हती. अंकगणित निव्वळ तर्कातून उभं करायचं, म्हणून त्यांनी जे मूळ नियम धरले होते, त्यांच्यातून असं निघत होतं की कुठलीही अट सांगा, त्या अटीत बसणाऱ्यांचा समूह असतोच. १६ जून १९०२ रोजी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी पत्रानं हीच अडचण कळवली. फ्रेगे यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. पाया हलल्याची कबुली त्यांनी त्याच खंडाला परिशिष्ट जोडून दिली. असं किती जण करतात?

(दृश्य : गॉटिंगन विद्यापीठ, जुनी छायाचित्रं)

जर्मनीतल्या गॉटिंगनमध्ये गणिती एर्न्स्ट त्सेर्मेलो यांना हाच विरोधाभास रसेल यांच्याशिवाय, स्वतंत्रपणे सापडला होता. १९०८ साली त्यांनी संचांचे नियम नव्यानं मांडले. नुसती अट सांगून संच मिळणार नाही, आधी हातात एखादा संच हवा आणि त्यातूनच अटीप्रमाणे निवडून काढायचं. त्यामुळे 'सगळ्या संचांचा संच' नावाची चीजच राहिली नाही.

पण नियम कागदावर आले आणि खरं भांडण लागलं ते एका नियमावरून : निवडीचं गृहीतक. अनंत संच आहेत, एकही रिकामा नाही, तर प्रत्येकातून एकेक घटक उचलता येतो. वाचताना वाटतं, यात काय मोठं? अडचण अशी की कोणता घटक उचलायचा, हे ठरवणारी रीत सांगता येत नसली तरी उचलला असं धरायचं. त्सेर्मेलो यांनी १९०४ मध्ये हे तत्त्व उघडपणे वापरलं आणि पुढच्याच वर्षी बोरेल, बेर, लबेग या फ्रेंच गणित्यांनी त्यावर आक्षेप घेतले. त्सेर्मेलो यांचं उत्तर मोठं मार्मिक होतं : हे तत्त्व तुम्ही सगळे न सांगता वापरतच आलात. संचसिद्धांताचा पाया घालणारे कँटोर आणि त्यांचे समकालीन डेडेकिंड यांच्या सिद्धतांमधली उदाहरणं त्यांनी पुढे केली. लबेग यांच्या स्वतःच्या कामातही ते दडलेलं होतं, हे नंतर सिएर्पिन्स्की यांनी दाखवलं.

(दृश्य : येरवडा, डेक्कन कॉलेजची दगडी इमारत)

असला युक्तिवाद पुण्यात आधीच येऊन गेला होता. जर्मन संस्कृततज्ज्ञ फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ ते १८८१ डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. टिळक गणित घेऊन बी. ए. झाले, ते याच कॉलेजातून आणि याच काळात. कीलहॉर्न यांनी काशीतले मराठी पंडित नागेशभट्ट यांचा 'परिभाषेन्दुशेखर' हा व्याकरणग्रंथ संपादित केला, इंग्रजीत आणला. परिभाषा म्हणजे नियमांविषयीचे नियम : पाणिनीची व्याकरणसूत्रं लावायची कशी, दोन सूत्रं भिडली तर कुणाचं ऐकायचं. यांतल्या पुष्कळ परिभाषा पाणिनीनं लिहिलेल्याच नाहीत. मग त्या मानायच्या का?

नागेशभट्ट तीन आधार सांगतात. काही परिभाषा शब्दांत सांगितलेल्याच आहेत. काही लोकव्यवहारातल्या न्यायानं सिद्ध होतात. आणि काही ज्ञापकानं, म्हणजे ती परिभाषा गृहीत धरल्याशिवाय पाणिनीची एखादी कृती निरर्थक ठरेल म्हणून.

(दृश्य : पडद्यावर चौदा शिवसूत्रं, 'अइउण्' आणि 'लण्' ठळक)

हे पाहा. शिवसूत्रं म्हणजे पाणिनीच्या व्याकरणातली वर्णांची यादी. प्रत्येक सूत्राच्या शेवटचं व्यंजन ही नुसती खूण, आणि 'अण्' म्हणजे अ पासून ण् या खुणेपर्यंतचे वर्ण. पहिल्या सूत्राच्या शेवटी ण्, सहाव्याच्या शेवटीही ण्. काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या पाणिनीनं एकच खूण दोनदा का वापरली? 'अण्' म्हटलं की पहिल्या ण् पर्यंत थांबायचं की दुसऱ्या? वैयाकरण म्हणतात, यावरूनच कळतं की संशय आला तर व्याख्यानावरून, म्हणजे जाणकारांनी केलेल्या स्पष्टीकरणावरून, निर्णय करायचा, संशय आला म्हणून सूत्र टाकून द्यायचं नाही, हे पाणिनीनं धरलेलंच होतं. न सांगता वापरलं, म्हणून मान्य.

कीलहॉर्न १८८२ पासून गॉटिंगनला होते आणि १९०८ साली तिथंच वारले. त्सेर्मेलो यांचे नियम त्याच वर्षीचे. यावरून 'संचसिद्धांत मूळचा आपलाच' असा फॉरवर्ड कृपया कुणी करू नये. एक भाषेचं शास्त्र आहे, दुसरं अनंताचं, आणि एकातून दुसरं निघालेलं नाही.

(दृश्य : कोरा फळा, खडूनं ओढलेली एक रेषा)

निवडीच्या गृहीतकाचा निकाल मजेशीर लागला. बाकीचे नियम सुसंगत असतील, तर हे जोडल्यानं नवी विसंगती येत नाही, असं कुर्ट गॉडेल यांनी १९३८ मध्ये दाखवलं. ते नाकारलं तरी येत नाही, असं पॉल कोहेन यांनी १९६३ मध्ये. आज बहुतेक गणिती ते बिनदिक्कत वापरतात. मोजण्याच्या संख्यांचं (१, २, ३...) अनंत आणि या रेषेवरच्या बिंदूंचं त्याहून मोठं अनंत, यांच्यामध्ये तिसरं अनंत नाही, या कँटोर यांच्या १८७८ मधल्या अनुमानाचीही तीच गत झाली : सिद्धही होत नाही, खोटंही पडत नाही.

मग नवा नियम आणायचा, पण कोणत्या अधिकारानं? गॉडेल म्हणत, नियमाची फळं पाहूनही तो स्वीकारता येईल. २०२१ मध्ये आस्पेरो आणि शिंडलर या गणित्यांनी वेगवेगळ्या वाटांनी सुचलेली दोन गृहीतकं जुळवली, एकातून दुसरं निघतं असं सिद्ध केलं. दोन्ही मानली तर मध्ये एक अनंत आहे, कँटोर चुकले. मात्र यातलं एक गृहीतक ज्यांनी सुचवलं, ते ह्यू वुडिन आता वेगळ्याच गृहीतकावर काम करत आहेत. ते मानलं, तर कँटोर बरोबर ठरतात.