५३ झाडांचा सांभाळ

(दृश्य: सकाळ. लाकडी बाकांवर मांडलेली बोन्साय. एक हात कुंडीतली माती चाचपतो आहे.)

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. इथे नॅशनल अर्बोरेटम नावाचं मोठं सरकारी वृक्षउद्यान आहे, आणि त्या उद्यानात आहे नॅशनल बोन्साय अँड पेनजिंग म्युझियम. बोन्साय म्हणजे कुंडीत लहान ठेवून घडवलेलं झाड. ही कला जपानची. पेनजिंग ही त्याची चीनमधली थोरली बहीण.

इथला दिवस पाण्याने सुरू होतो. कुंड्या पसरट, कित्येक तर चार बोटंही खोल नाहीत. जुलै-ऑगस्टच्या उन्हात अशा कुंडीतली माती बघता बघता कोरडी पडते. म्हणून आधी माती बघायची आणि मग झारी उचलायची. सगळ्यांना सारखं पाणी घालून भागत नाही. मेपलला जास्त लागतं, पाइनला बेताचं. ऐन उन्हाळ्यात एक दिवस दुर्लक्ष झालं, तरी शंभर-दोनशे वर्षांचं झाड हातचं जाऊ शकतं. चित्र किंवा मूर्ती कुलपात ठेवून सुटीवर जाता येतं. झाडाच्या बाबतीत ती मुभा नाही.

ही झाडं इथे कशी आली, हे अनेकांनी सांगितलं आहे. ती टिकावीत म्हणून ज्या संस्थेने कंबर कसली, तिच्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. त्या संस्थेचं नाव नॅशनल बोन्साय फाउंडेशन. तिच्याकडे जायचं तर आधी एका माणसाला भेटावं लागेल.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. गणवेशातला तरुण. मग डोंगरात रोपं गोळा करणारा मध्यमवयीन माणूस.)

जॉन क्रीच. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि त्यांची रवानगी पोलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत झाली. शिक्षण झाडाझुडपांचं. छावणीत त्यांनी भाजीपाला पिकवला आणि उपाशी सोबत्यांच्या ताटात चार घास जास्त पडले. त्याबद्दल अमेरिकी लष्कराने त्यांना ब्राँझ स्टार हे पदक दिलं. लढाईतल्या शौर्यासाठीही दिलं जाणारं पदक बागकामासाठी मिळावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

युद्धानंतर क्रीच कृषी खात्यात वनस्पती-शोधक झाले. १९५५ पासून ते पुन्हा पुन्हा जपानला जात राहिले, याकुशिमासारख्या बेटांवर चढून बिया आणि रोपं आणत राहिले. जपानी बागाईतदारांशी त्यांचा घरोबा झाला तो याच काळात. १९७३ मध्ये ते नॅशनल अर्बोरेटमचे संचालक झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १९७६ मध्ये दोनशे वर्षं पूर्ण होणार होती. जपानमधली उत्तमोत्तम बोन्साय या निमित्ताने अमेरिकेत यावीत, हा विचार त्यांनी लावून धरला.

निप्पॉन बोन्साय असोसिएशनने ५३ बोन्साय दिली, आणि सोबत ६ निवडक दगड. डोंगर-दऱ्यांचा भास देणारे असे दगड जपानमध्ये सुइसेकी म्हणून मांडतात. झाडांत जपानच्या राजघराण्याच्या संग्रहातला एक लाल पाइनही होता. अनेक झाडं खाजगी घरांतून, रोपवाटिकांतून आली होती. आजोबांनी वाढवलेलं, वडिलांनी जपलेलं झाड परक्या देशाला देऊन टाकायचं, ते परत येणार नाही हे माहीत असताना.

१९७५ च्या वसंतात झाडं अमेरिकेत पोचली. लगेच लोकांसमोर मांडता येईनात, कारण परदेशी झाडाबरोबर कीड आणि रोग येण्याची भीती. शेजारच्या मेरीलँड राज्यात ग्लेन डेल इथल्या सरकारी केंद्रात त्यांना सुमारे वर्षभर विलग ठेवलं. ९ जुलै १९७६ रोजी संग्रहाचं रीतसर अर्पण झालं. समारंभाला परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर हजर होते.

भाषणं झाली, पाहुणे गेले. झाडं राहिली, आणि त्यांच्यापाशी राहिले रॉबर्ट ड्रेक्सलर, या संग्रहाचे पहिले क्युरेटर. त्यांनी पुढे दोन दशकं ही झाडं सांभाळली.

(दृश्य: पसरट कुंडीतून काढलेला पाइन. बांबूच्या काडीने मुळं मोकळी करणारे हात.)

सांभाळणं म्हणजे काय, ते इथे जवळून बघू. दर काही वर्षांनी झाड कुंडीतून बाहेर काढतात. बांबूच्या काडीने मुळांतली जुनी माती हलक्या हाताने मोकळी करतात. मुळांचा एखादा लांबलेला झुपका कात्रीने कमी करतात, नवी खरबरीत माती भरतात आणि ती मुळांच्या फटींत त्याच काडीने खालपर्यंत बसवतात. आत पोकळी राहिली तर तिथलं मूळ वाळतं. मग कुंडीच्या भोकांतून ओवलेल्या तारेने झाड घट्ट बांधतात, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळं तुटत नाहीत. जुन्या, जड झाडाला हे करायचं तर दोन-तीन माणसं लागतात, आणि त्यांतल्या एकाला तरी हे झाड आधीपासून ओळखीचं असावं लागतं.

अर्बोरेटम कृषी खात्याच्या ताब्यात. सरकारी खर्च दरवर्षी अंदाजपत्रकातून मंजूर व्हायचा. झाडं मात्र शतकांच्या हिशेबाने जगतात. शिवाय अमेरिकेतही तोवर बोन्साय करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती. जपानने दिलेली झाडं देशाच्या संग्रहात आहेत, मग इथे वाढलेली झाडं का नसावीत, असं त्यांना वाटू लागलं होतं. १९८२ मध्ये नॅशनल बोन्साय फाउंडेशन स्थापन झालं. ही खाजगी, ना-नफा संस्था. काम दुहेरी: देणग्या जमवायच्या आणि सरकारी संग्रहाच्या पाठीशी उभं राहायचं. झाडं सरकारची, जिव्हाळा लोकांचा, अशी ही जोडी आजतागायत चालली आहे.

फाउंडेशनच्या हाती सुरुवातीलाच एक असामान्य झाड आलं.

(दृश्य: ‘गोशिन’. उभ्या खोडांचं छोटं रान. कॅमेरा खोडांमधून हळू पुढे सरकतो.)

जॉन नाका. जन्म १९१४ चा, कोलोरॅडोमधला. आईवडील जपानी. अमेरिकेत बोन्साय शिकवणाऱ्यांत त्यांच्याइतका मान क्वचितच कुणाला मिळाला असेल. १९४८ मध्ये त्यांनी ज्युनिपरच्या फोएमिना जातीची दोन झाडं हाताळायला घेतली. १९५३ मध्ये, जपानमधल्या एका देवस्थानाजवळचं क्रिप्टोमेरियाचं रान मनात ठेवून त्यांनी चार झाडांची मांडणी केली. पुढे ही सगळी एकाच कुंडीत आली. १९६४ पर्यंत झाडं सात झाली, कारण नातवंडं सात होती. तेव्हा त्यांनी या रानाला ‘गोशिन’ हे नाव दिलं. घरात नातवंडांची संख्या वाढत गेली तशी कुंडीतही झाडं वाढली, आणि शेवटी ती अकरा झाली.

१९८४ मध्ये नाकांनी ‘गोशिन’ फाउंडेशनच्या स्वाधीन केलं. ज्या रानात आपल्या प्रत्येक नातवंडाच्या नावाचं एक झाड आहे, ते त्यांनी देशाच्या संग्रहासाठी दिलं. फाउंडेशनवर टाकलेला याहून मोठा विश्वास दुसरा नसेल. १९९० मध्ये उत्तर अमेरिकी बोन्सायचं स्वतंत्र दालन उघडलं. त्याला नाकांचं नाव आहे.

१९८६ मध्ये हाँगकाँगचे बँकर वू यी-सून यांनी आपल्या संग्रहातली पेनजिंग दिली. १९९६ मध्ये चिनी दालन उभं राहिलं. एक एक दालन वाढत गेलं, त्यामागे सरकारी तिजोरीइतकाच फाउंडेशनने जमवलेल्या देणग्यांचा हात आहे.

(दृश्य: जाड खोडाचा जपानी पांढरा पाइन. पाच-पाचच्या जुडग्यातल्या सुया.)

आता या पाइनकडे बघा. १९७६ च्या भेटीतलाच हा. देणाऱ्याचं नाव मासारू यामाकी. झाड १६२५ पासून कुंडीत वाढतं आहे. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता, तेव्हा जपानमध्ये कुणीतरी या पाइनला वळण लावायला सुरुवात केली होती.

८ मार्च २००१ रोजी म्युझियममध्ये दोन तरुण आले. शिगेरू आणि अकिरा, यामाकींचे नातू. आजोबांचं झाड बघायचं होतं. बोलता बोलता त्यांनी घरची हकिकत सांगितली. यामाकींची रोपवाटिका हिरोशिमात होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब फुटला, तिथून साधारण तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटून उडाल्या, आतल्या माणसांना लागल्या. सगळे वाचले. अंगणातली बोन्साय उंच भिंतीच्या आडोशाला होती, म्हणून हा पाइनही वाचला.

यामाकींनी १९७६ मध्ये झाड दिलं ते बॉम्ब टाकणाऱ्या त्याच देशाला. आणि पंचवीस वर्षं म्युझियममध्ये त्याला पाणी घालणाऱ्या, फांद्यांना वळण देण्यासाठी तार बांधणाऱ्या, त्याची माती बदलणाऱ्या कुणालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. हकिकत कळल्यावर जगभरातून लोक या झाडापाशी येऊ लागले. पण त्याआधीची पंचवीस वर्षं ते जगलं ते कुणाच्या कुतूहलावर नव्हे, रोजच्या कामावर. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

(दृश्य: तरुण उमेदवार पक्कडीने तार कापतो आहे.)

ते रोजचं काम पुढे कोण करणार? फाउंडेशनने यासाठी उमेदवारीची योजना काढली आणि तिला पहिले क्युरेटर ड्रेक्सलर यांच्या आठवणीशी जोडलं. तरुण मुलंमुली इथल्या क्युरेटरच्या हाताखाली काम करतात. पाइनच्या जुन्या सुया कधी काढायच्या, हिवाळ्यात कोणतं झाड आडोशाला न्यायचं, बांधलेली तार सालीत रुतायच्या आत कशी कापून काढायची, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. पैसा दालनांवर खर्च केला तर उद्घाटनाचा फलक लागतो. माणसं घडवण्यावर खर्च केला तर फलक लागत नाही. तरी संस्थेने तो खर्च उचलला.

म्युझियमला तिकीट नाही. दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर बोन्साय दिन होतो, साबुरो कातो यांच्या स्मरणार्थ. १९७६ ची भेट ज्या जपानी मंडळींमुळे शक्य झाली, त्यांतले कातो एक. त्यांनी स्वतः दिलेलं एझो स्प्रूसचं रान याच संग्रहात आहे. त्या दिवशी इथे जाणकार लोकांसमोर झाड छाटून, तार बांधून दाखवतात, आणि ज्याला शिकायचं आहे त्याला जवळ येऊन विचारता येतं.