केळीतलं डोपामीन, लघवीतलं स्फुरद

मंडळी, विषय मूत्रपिंडाचा आहे: ते स्वतः डोपामीन, म्हणजे मेंदूतही असणारं संदेश देणारं रसायन, बनवून फॉस्फेट, म्हणजे आपलं स्फुरद, लघवीत कसं सोडतं. पण रावेर-यावलच्या पट्ट्यात उभं राहून केळीला वगळायचं, हे काही जमायचं नाही. घरी गेल्यावर केळं सोला आणि साल आतली बाजू वर करून ओट्यावर ठेवा. थोड्या वेळात ती तपकिरी होत जाते. सालीत डोपामीन भरपूर असतं. हवा लागली की सालीतलंच विकर त्याला काळं करतं. गरातही ते असतं, पण बरंच कमी.

मग केळी खाऊन मेंदूतलं डोपामीन वाढतं का? नाही. खाल्लेल्या डोपामीनला आतड्याच्या भिंतीतच सल्फेट चिकटतं, उरलंसुरलं मेंदूच्या वेशीवर अडतं. लघवीत मात्र ते उतरतं आणि तपासणीचा आकडा फुगवतं. म्हणून लघवीतलं डोपामीन मोजायचं तर दोन-तीन दिवस आधीपासून केळी बंद. आपल्याकडे केळं खाणं हे खाण्यात धरतच नाहीत, तेव्हा 'काही खाल्लं का?' असं मोघम विचारू नका. केळीचं नाव घेऊन विचारा.

माझी खरी तक्रार नमुन्याबद्दल आहे. चोवीस तासांची लघवी म्हणजे सकाळची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. दोन्ही धरल्या की आकडा वाढतो, दोन्ही टाकल्या की घटतो. बाटलीत आधीच हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, कारण अल्कधर्मी लघवीत डोपामीन टिकत नाही आणि फॉस्फेट कॅल्शियमबरोबर तळाशी बसतं. त्या बाटलीत थेट लघवी करू नका, आम्ल अंगावर उडतं; आधी मगात धरा, त्यातून बाटलीत ओता. आणि मे महिन्यातल्या जळगावात बाटली खिडकीत नको, थंड जागी हवी.

नुसत्या फॉस्फेटसाठी इतकंही लागत नाही. रात्रभर उपाशी, पहिली लघवी टाकून दुसरी घ्यायची, त्याच वेळी रक्त. रक्तातला पाणीदार भाग तासाभरात पेशींपासून वेगळा करा. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं फॉस्फेट बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. मग किती टक्के फॉस्फेट गळतं ते काढा: लघवीतलं फॉस्फेट गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंड बाहेर टाकतं तो कचरा), त्याला भागिले रक्तातलं फॉस्फेट गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन. समजा लघवीत फॉस्फेट ४०, क्रिएटिनिन १००; रक्तात २ आणि १. उत्तर २० टक्के. रक्तात फॉस्फेट इतकं कमी असताना मूत्रपिंडाने ते धरून ठेवायला हवं, गळती ५ टक्क्यांच्या आत हवी. इथे गळती मूत्रपिंडातूनच आहे.

वेळ संपत आली, आणि ज्यासाठी बोलावलंत ते आत्ता सांगतो. मूत्रपिंड स्वतःचं डोपामीन स्वतः बनवतं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो; त्यातलं ८० ते ९० टक्के फॉस्फेट परत घेतलं जातं, बहुतेक सगळं नलिकेच्या पहिल्या भागात, सोडियमच्या जोडीने ते ओढणाऱ्या वाहक प्रथिनांतून. नलिकेच्या त्याच पेशी गाळातलं एल-डोपा, म्हणजे डोपामीनचा कच्चा माल, उचलतात, त्याचं डोपामीन करतात. ते डी-१ जातीच्या ग्राहींना, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं, आणि वाहक प्रथिनं पेशीच्या काठावरून आत ओढली जातात. फॉस्फेट लघवीत जातं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरकही याच वाहकांना आत खेचतं.

म्हणून कच्चा माल महत्त्वाचा. ग्लुडोपा, म्हणजे ग्लुटामिल जोडलेलं डोपा, मुख्यतः मूत्रपिंडात कापलं जातं आणि तिथेच डोपामीन होतं. कार्बिडोपा उलट, डोपाचं डोपामीन होणं मेंदूबाहेर अडवतं. कंपवाताच्या गोळीत एल-डोपासोबत तेच असतं. आणि सलाइनमधून थेंबथेंब डोपामीन देऊन मूत्रपिंड वाचतं, हा समज २००० साली ३२८ रुग्णांवरच्या चाचणीत टिकला नाही.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: सातपुड्यातल्या खाजकुहिलीच्या बियांत एल-डोपा असतं, तर मूत्रपिंड निकामी झालेल्याने रक्तात साचणारं फॉस्फेट उतरवायला ते चूर्ण घ्यावं का? अजिबात नाही. नलिकाच उरल्या नाहीत तर डोपामीन बनवणार कोण? वर उलट्या आणि रक्तदाब खाली. त्यांनी कोला आणि पाकीटबंद पदार्थांतलं मिसळलेलं फॉस्फेट टाळावं, ते जवळजवळ सगळं अंगी लागतं. भाकरीतलं त्या मानाने बरंच कमी. आणि डॉक्टरांनी फॉस्फेट बांधणारी गोळी दिली असेल तर ती भाकरीच्या पहिल्या घासांबरोबर घ्यावी, हात धुतल्यावर नाही.